सुंभ, पीळ आणि सूर्य



सुंभ जळला तरी पीळ जळत नाहीं, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों आहोंत. हट्टी मनुष्याला उद्देशून ती योजली जाते. आज मी ती एका निराळ्याच ठिकाणीं लावणार आहें. तें ठिकाण म्हणजे आपल्या माथ्यावरचा सूर्य. सूर्याच्या पृष्ठभागावर चुंबकशक्तीचे पिळदार दोर तयार होतात. ते कित्येक दिवस, प्रसंगीं कित्येक आठवडे, तेथेंच अधांतरीं राहतात आणि मग एखादे दिवशीं सगळे बंध तोडून अवकाशांत झेपावतात. त्यांतील एखादा पृथ्वीच्या वाटेवर आला, तर येथल्या चुंबकसुया कांपूं लागतात, ध्रुवप्रदेशांतील आकाश रंगीत प्रकाशानें उजळून निघतें, आणि क्वचित् एखाद्या प्रांतांतील दिवेही विझतात.

हें सर्व आज आपणांस ठाऊक आहे. परंतु तें ठाऊक होण्यास सवाशें वर्षें लागलीं. ह्या विलंबाचें कारण असें, कीं हा दोर आजवर कोणींही स्वतःच्या डोळ्यांनीं संपूर्ण पाहिलेला नाहीं. कोणाला त्याचा लखलखाट दिसला, कोणाला त्याच्या आधारानें तरंगणारी ज्वाला दिसली, कोणाला त्याच्या पायथ्याशीं असलेला डाग मोजतां आला, तर कोणाला तो दोर येऊन आदळल्यावर हललेली सुई तेवढी दिसली. आंधळ्यांनीं हत्ती चांचपावा, तसा हा प्रकार झाला. मात्र त्या गोष्टींतले आंधळे आपसांत भांडत बसले. येथें एका पिढीनें आपलें टिपण दुसऱ्या पिढीच्या हातीं दिलें. त्या टिपणांपैकीं एक आपल्या मुंबईतील कुलाब्याचें आहे. तेव्हां आरंभही तेथूनच करूं.

इ. स. १८५९ च्या सप्टेंबर महिन्याची पहिली तारीख. इंग्लंडांत रेडहिल नांवाच्या गांवीं रिचर्ड कॅरिंग्टन हा ज्योतिषी सूर्यावरील डागांचें चित्र काढीत होता. दुर्बिणीनें सूर्याची प्रतिमा पडद्यावर पाडावयाची आणि त्यावरून डाग रेखाटावयाचे, असा त्याचा कित्येक वर्षांचा परिपाठ होता. सकाळचे अकरा वाजून अठरा मिनिटें झालीं असतां डागांच्या एका मोठ्या समूहावर शुभ्र प्रकाशाचे दोन ठिपके एकाएकीं चमकून उठले. प्रथम त्याला वाटलें, कीं पडद्याला कोठें तरी भोंक पडून बाहेरचा उजेड आंत शिरला असावा. तसें नाहीं अशी खात्री पटतांच तो साक्षीदार बोलावण्यास धांवला. मिनिटाभरानें परत येऊन पाहतो, तों प्रकाश मावळूं लागलेला! पांच मिनिटांत सर्व कांहीं पूर्ववत् झालें. सुदैवानें त्याच वेळीं लंडनजवळ रिचर्ड हॉजसन ह्या दुसऱ्या निरीक्षकानेंही तोच लखलखाट पाहिला होता. त्यामुळें कॅरिंग्टनच्या शब्दाला आधार मिळाला.

ह्यानंतर सुमारें साडेसतरा तासांनीं पृथ्वीवर एक मोठें चुंबकीय वादळ उठलें. अमेरिकेंत तारायंत्राच्या तारांतून अशी वीज वाहूं लागली, कीं बोस्टन आणि पोर्टलंड ह्या शहरांमधील तारवाल्यांनीं आपल्या विद्युत्‌घटमाला सोडवून ठेवल्या आणि आकाशांतून आलेल्या त्या विजेवरच कांहीं वेळ संदेश पाठविले. क्यूबासारख्या उष्ण प्रदेशांतील लोकांनींही त्या रात्रीं ध्रुवीय प्रकाश पाहिला.

मुंबईस कुलाब्याच्या दांड्यावर ईस्ट इंडिया कंपनीनें १८२६ सालीं वेधशाळा स्थापिली होती, आणि पुढें तेथें पृथ्वीच्या चुंबकशक्तीचीं मापेंही नियमितपणें घेतलीं जाऊं लागलीं होतीं. टांगलेल्या चुंबकाचें स्थान दुर्बिणींतून वाचावयाचें आणि तो आंकडा नोंदवहींत लिहावयाचा, असें तें काम. सप्टेंबरच्या दुसऱ्या तारखेस हे आंकडे भराभर ढळूं लागले. पृथ्वीच्या चुंबकशक्तीचा आडवा घटक थोड्याच वेळांत सुमारें १६०० नॅनोटेस्लांनीं खालीं गेला. म्हणजे मुंबईस ती शक्ति नेहमीं जितकी असते, तिच्यांत शेंकडा चारांची घट आली. आजच्या साधारण वादळांत ही घट शंभर नॅनोटेस्लांच्या आसपास असते, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या दिवसाचें भयंकर स्वरूप ध्यानांत येईल. कुलाब्याच्या निरीक्षकांनीं आंकडे लिहिले, वही मिटली, आणि ती वही दप्तरांत जाऊन पडली. तिची आठवण आपण शेवटीं पुन्हां काढूं.

इकडे सूर्यावर लखलखाट झाला आणि तिकडे पृथ्वीवर सुई हलली. ह्या दोन गोष्टींचा संबंध जोडण्याचा मोह कोणालाही झाला असता. कॅरिंग्टननें तो आवरला. एका प्रसंगावरून सिद्धान्त बांधूं नये, असें त्यानें स्वतःच बजाविलें. पुढें तर एका फार मोठ्या अधिकारी पुरुषानें हा दरवाजा जवळजवळ बंदच करून टाकला. १८९२ सालीं लॉर्ड केल्व्हिन ह्यांनीं रॉयल सोसायटीच्या अध्यक्षपदावरून हिशेब मांडून दाखविला, कीं सूर्य हा जर चुंबकाप्रमाणें वागून पृथ्वीवर वादळ उठवीत असेल, तर आठ तासांच्या एका वादळासाठीं त्याला चार महिन्यांच्या उष्णतेइतकें आणि प्रकाशाइतकें काम करावें लागेल. अर्थात् ही गोष्ट अशक्य होय. हिशेबांत चूक नव्हती. चूक होती ती गृहीतकांत. सूर्य आपली चुंबकशक्ति दिव्याच्या उजेडाप्रमाणें दाही दिशांना पसरतो, असें केल्व्हिन ह्यांनीं धरलें होतें. तो ती गांठोडें बांधून एकाच दिशेला भिरकावूं शकतो, ही कल्पना त्या काळीं कोणाच्याच मनांत आली नव्हती.

हा झाला सुईचा धागा. आतां ज्वालांचा धागा पाहूं. आणि ह्या धाग्याचीं कांहीं टोकें आपल्याच देशांत आहेत. ता. १८ ऑगस्ट १८६८ रोजीं हिंदुस्थानांतून खग्रास सूर्यग्रहण दिसलें. चंद्रानें सूर्यबिंब झांकलें, कीं त्याच्या कडेवर तांबूस ज्वाला दिसतात, हें पूर्वींपासून माहीत होतें. परंतु त्या ज्वाला कशाच्या, हें कोडें होतें. गुंटूर येथें फ्रेंच ज्योतिषी जान्सन आणि पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानांत लेफ्टनंट जॉन हर्शेल ह्यांनीं त्या ज्वालांचा प्रकाश लोलकांतून पृथक् करून पाहिला. त्यांत सलग इंद्रधनुष्य न दिसतां सुट्या तेजस्वी रेषा दिसल्या. ह्यावरून त्या ज्वाला म्हणजे तप्त वायूचे ढग आहेत, हें ठरलें. गुंटूरलाच मेजर टेनंट ह्यांच्या तुकडीनें छायाचित्रें घेतलीं. त्यांत शिंगासारखी उंच गेलेली एक ज्वाला होती, आणि तिला चक्क पीळ पडलेला दिसत होता! दोराचा पीळ मनुष्याच्या हातीं छायाचित्राच्या रूपानें आला, तो असा. पण तो पीळ कशाचा, हें सांगणारें शास्त्र अद्याप जन्मास यावयाचें होतें.

जान्सननें दुसऱ्या दिवशीं ग्रहण सुटलें असतांही त्याच रेषांच्या आधारें ज्वाला पाहिल्या. इंग्लंडांत नॉर्मन लॉकियर ह्यानें दोन महिन्यांनीं स्वतंत्रपणें तेंच साधलें. आतां ज्वाला पाहण्यास ग्रहणाची वाट पाहण्याचें कारण उरलें नाहीं, आणि त्यांचा स्वभावही कळूं लागला. कांहीं ज्वाला दिवसेंदिवस शांतपणें उभ्या असत, तर कांहीं पाहतां पाहतां उधळून जात. १८७१ च्या ७ सप्टेंबरची हकीगत प्रसिद्ध आहे. अमेरिकेंतील प्रोफेसर चार्ल्स यंग हे सूर्याच्या कडेवरचा एक लांबट, शांत ढग न्याहाळीत होते. त्याची लांबी लाखभर मैल आणि उंची चोपन्न हजार मैल. दुपारीं साडेबाराच्या सुमारास कांहीं कामासाठीं त्यांना दुर्बिणीपासून उठावें लागलें. अर्ध्या तासाच्या आंत परत येऊन पाहतात, तों त्या ढगाच्या चिंध्या झालेल्या, आणि त्या चिंध्या दोन लक्ष मैलांहून अधिक उंचीवर धांवत असलेल्या! कालपासून जो ढग स्वस्थ होता, त्याला अकस्मात् कोणीं उडविलें? खालून स्फोट झाला असावा, असा तर्क त्या काळीं करण्यांत आला. तो ढग कशानें तरी बांधून ठेवलेला होता आणि तें बंधन तुटलें, असा उलट विचार करावयास अजून दोन पिढ्या जावयाच्या होत्या.

ह्यानंतर ता. २२ जानेवारी १८९८ चें खग्रास ग्रहण आलें, आणि त्याचा पट्टा आपल्या महाराष्ट्रावरून गेला. लॉकियर ह्यांनीं कोंकणांत विजयदुर्गास तळ दिला. वऱ्हाडांत तळणी येथें ब्रिटिश हौशी ज्योतिष्यांची तुकडी उतरली. तींत जॉन एव्हरशेड नांवाचे गृहस्थ होते. सोलापुराकडे जेऊर येथें पुण्याच्या सायन्स कॉलेजांतील प्रोफेसर कावसजी दादाभाई नायगांववाला ह्यांनीं आपलीं यंत्रें मांडलीं. भावनगरच्या महाराजांच्या देणगींतून पुण्यास जी तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली होती, तिचे ते प्रमुख. पुढें १९१२ सालीं ही पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि तिचीं यंत्रें दक्षिणेंत कोडाईकनालच्या डोंगरावरील सूर्यवेधशाळेंत गेलीं. एव्हरशेड हेही १९०७ पासून तेथेंच काम करीत होते. त्यांनीं आणि त्यांच्या पत्नी मेरी ह्यांनीं ज्वालांच्या शेंकडों निरीक्षणांचा अभ्यास करून १९१७ सालीं त्यावर एक मोठा प्रबंध प्रसिद्ध केला. कोडाईकनाल येथें विसाव्या शतकारंभीं सुरू झालेली सूर्याच्या छायाचित्रांची मालिका शंभर वर्षांहून अधिक काळ चालत राहिली; एवढा दीर्घ संग्रह जगांत फार थोड्या ठिकाणीं आहे.

सुई चुंबकाची आणि ज्वाला वायूची. ह्या दोहोंना जोडणारा दुवा १९०८ सालीं अमेरिकेंत माउंट विल्सनवर सांपडला. जॉर्ज एलरी हेल ह्यानें हायड्रोजनच्या प्रकाशांत सूर्याचीं छायाचित्रें घेतलीं. त्यांत डागांच्या भोंवतीं, नदीच्या डोहांतील भोंवऱ्यासारखीं वळणें दिसलीं. हेलच्या मनांत आलें, कीं जेथें विद्युन्मय वायु भोंवऱ्याप्रमाणें फिरत असेल, तेथें चुंबकशक्ति उत्पन्न झाली पाहिजे. प्रकाशाचा उगम चुंबकक्षेत्रांत असला तर वर्णपटांतील एक रेषा फुटून तिच्या अनेक रेषा होतात, हें हॉलंडच्या झीमननें १८९६ सालीं दाखवून दिलें होतें. हेलनें ती कसोटी डागांना लावली, आणि रेषा खरोखरच फुटलेल्या आढळल्या! डागांतील चुंबकशक्ति पृथ्वीच्या हजारों पटींनीं अधिक भरली. पृथ्वीबाहेर चुंबकशक्ति आहे, ह्याचा हा पहिला प्रत्यक्ष पुरावा. मौजेची गोष्ट अशी, कीं हेलचा मूळ तर्क चुकीचा होता. डागाची चुंबकशक्ति त्या भोंवऱ्यांमुळें निर्माण होत नाहीं. उलट चुंबकशक्तीच्या रेषांनीं वायूला तें वळण दिलेलें असतें. परंतु चुकीच्या वाटेनें निघालेला हा प्रवासी योग्य गांवीं पोहोंचला.

तें वळण कसें पडतें, ह्याचा उलगडा करणारें तत्त्व स्वीडनच्या हान्नेस आल्फव्हेन ह्यानें १९४२ सालीं मांडलें. अतितप्त, विद्युन्मय वायूंत चुंबकीय रेषा आणि वायु एकमेकांना जखडलेले असतात. मण्यांत दोरा ओवलेला असावा तसे. वायु सरकला कीं रेषा ओढली जाते. रेषा ताठ राहिली कीं वायु थबकतो. आतां सूर्याचा पृष्ठभाग हा अखंड उकळणारा आहे. त्यावर पाय रोंवून उभ्या असलेल्या रेषांच्या कमानी ह्या उकळीबरोबर सरकतात, घांसतात, वळतात. कोंकणांत काथ्याचा सुंभ वळणारा दोन्ही तळहातांमध्यें धागे धरून त्यांना पीळ देत जातो, तसा सूर्यही आपल्या चुंबकीय धाग्यांना पीळ देत जातो. त्यांतून जो दोर तयार होतो, त्याच्या खालच्या खोलगट भागांत थंड आणि जड वायु साठून राहतो, झोळण्यांत मूल निजावें तसा. सभोंवतालचें प्रभामंडळ दहा लक्ष अंशांहून अधिक तापलेलें, आणि त्यांत दहा हजार अंशांच्या आंतबाहेर असलेला हा गार ढग आठवडेच्या आठवडे टिकून राहतो. यंगसाहेबांनीं पाहिलेल्या शांत ढगाचें रहस्य तें हेंच. गुंटूरच्या शिंगाला पीळ होता, तोही ह्यामुळेंच.

मग हा दोर उडतो कां? ह्याला दोन कारणें सांगतात. एखाद्या दोरीला वाजवीपेक्षां अधिक पीळ दिला, कीं ती सरळ राहत नाहीं. आपोआप उसळून वेटोळें घालते. सूर्यावरील दोराचेंही तसेंच होतें. दुसरें कारण असें, कीं दोराची कमान वर उठूं पाहते आणि तिच्यावरून गेलेल्या इतर रेषा तिला तंबूच्या तणाव्यांप्रमाणें खालीं धरून ठेवतात. उंचीबरोबर ह्या तणाव्यांचा जोर ज्या ठिकाणीं फार भराभर कमी होतो, तेथवर कमान पोहोंचली कीं तिला आवरणारें कोणी राहत नाहीं. तिच्याखालीं ताणल्या गेलेल्या रेषा तुटून नव्यानें जुळतात, त्यांत सांठलेली शक्ति एकदम मोकळी होते, आणि खालीं लखलखाट होतो. कॅरिंग्टननें १८५९ त पाहिला, तो हा लखलखाट. वर उडून गेलेला दोर मात्र त्याला दिसला नाहीं.

तो दिसावयास सूर्याचें बिंब कायम झांकून ठेवून भोंवतालचें आकाश पाहणें अवश्य होतें. १९३० च्या सुमारास फ्रान्सच्या बर्नार्ड लियो ह्यानें पिक द्यु मिदी ह्या पर्वतावर असें कृत्रिम ग्रहण घडविणारी दुर्बीण सिद्ध केली. पुढें अमेरिकेंत कोलोरॅडोमधील क्लायमॅक्स येथें, ता. ४ जून १९४६ रोजीं, एक अजस्र ज्वाला सूर्यापासून सुटून जात असतां तिचें चलच्चित्र घेण्यांत आलें. परंतु पृथ्वीच्या वातावरणांतून पाहणाऱ्याच्या दृष्टीला मर्यादा असते. ती मर्यादा कृत्रिम उपग्रहांनीं ओलांडली. ता. १४ डिसेंबर १९७१ रोजीं एका अमेरिकन उपग्रहावरील यंत्रांत सूर्यापासून दूर जाणारे तेजस्वी ढग प्रथम टिपले गेले. १९७३ सालीं स्कायलॅब ह्या अवकाशस्थानकावरून आणि १९९५ सालीं सोडलेल्या सोहो ह्या यानावरून असे उद्रेक हजारोंनीं पाहण्यांत आले. एकेका मोठ्या उद्रेकांत अब्जावधि टन वायु बाहेर पडतो, आणि अतिवेगवान् उद्रेकाची गति दर सेकंदास दोन-तीन हजार किलोमीटरपर्यंत जाते.

ह्या चित्रांत एक चमत्कारिक गोष्ट वारंवार दिसली. पुढें एक तेजस्वी कमान, तिच्यामागें एक काळी पोकळी, आणि पोकळीच्या आंत एक तेजस्वी गाभा. गाभा म्हणजे पुष्कळदां जुनीच ज्वाला. कमान म्हणजे पुढें रेटला गेलेला वायु. मग मधली पोकळी कसली? तोच तो दोर! चुंबकशक्ति तेथें इतकी दाट असते, कीं वायूला फारशी जागाच उरत नाहीं. ज्याच्या शोधासाठीं तीन पिढ्या झटल्या, तो चित्रांत रिकाम्या जागेच्या रूपानें उभा होता. १९९१ सालीं जपाननें सोडलेल्या योहको उपग्रहानें क्ष-किरणांत सूर्य पाहिला, तेव्हां आणखी एक खूण हातीं आली. इंग्रजी एस् अक्षरासारखे, किंवा त्याच्या उलट वळणाचे, तेजस्वी आकार ज्या प्रदेशांत दिसतात, ते प्रदेश इतरांपेक्षां अधिक वेळां उद्रेक पावतात, असें १९९९ सालीं दाखविण्यांत आलें. हा आकार म्हणजे वरून दिसणारा पीळच होय.

तरीही ही सारी दूरची साक्ष. दोराला हात लावून पाहिल्यासारखा पुरावा आला तो १९८१ सालीं. बर्लागा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं, १९७८ च्या जानेवारींत निरनिराळ्या ठिकाणीं असलेल्या अनेक अवकाशयानांवरून गेलेल्या एका ढगाचीं चुंबकीय मापें एकत्र मांडलीं. ढग यानावरून सरकत असतां चुंबकशक्तीची दिशा सावकाश, एकसारखी वळत गेली होती. पिळदार दोरावरून बोट फिरवीत नेलें असतां धागे जसे तिरपे, आडवे आणि पुन्हां तिरपे लागतात, अगदीं तसें. सूर्यावर पडलेला पीळ पंधरा कोटी किलोमीटरांचा प्रवास करून पृथ्वीपर्यंत शाबूत येतो, ही गोष्ट अशा मापांनीं सिद्ध झाली.

येथें आपल्या म्हणीचें मर्म उघड होतें. उद्रेकाच्या वेळीं रेषा तुटतात, पुन्हां जुळतात, प्रचंड शक्ति जळून उष्णता आणि प्रकाश ह्यांत जाते. परंतु एकंदर पीळ मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. सुंभ जळतो, पीळ जळत नाहीं! सूर्याच्या उत्तर गोलार्धांत बहुधा डाव्या हाताचा आणि दक्षिण गोलार्धांत उजव्या हाताचा पीळ पडतो. दर अकरा वर्षांनीं सूर्याचे चुंबकीय ध्रुव उलटे होतात, तरी हा नियम पालटत नाहीं. तेव्हां पीळ सांठतच जाणार. तो जाळून टाकतां येत नाहीं, म्हणून सूर्याला तो दोरासकट बाहेर फेकून द्यावा लागतो, असें कित्येक शास्त्रज्ञ मानतात. ह्या दृष्टीनें पाहतां उद्रेक हा सूर्याचा कोप नसून त्याचा सांठलेला भार हलका होण्याची रीत आहे.

एक वाद मात्र अजून मिटलेला नाहीं. दोर आधीं वळून तयार असतो आणि मग उडतो, कीं उडतां उडतांच त्याला पीळ पडतो? २०१० सालीं सोडलेल्या एका अमेरिकन सौरवेधशाळेनें कांहीं उद्रेकांपूर्वींच सुमारें एक कोटी अंश तापलेली पिळदार नळी दाखविली. परंतु इतर उद्रेकांत अशी नळी आगाऊ दिसत नाहीं. दोन्ही पक्षांजवळ पुरावा आहे, आणि सूर्याला कदाचित् दोन्ही रीती अवगत असाव्यात.

हा वाद केवळ पंडितांच्या करमणुकीचा नव्हे. ता. १३ मार्च १९८९ रोजीं अशाच एका वादळानें कॅनडांतील क्वेबेक प्रांताची वीज सुमारें दीड मिनिटांत कोसळली, आणि साठ लक्ष लोक नऊ तास अंधारांत राहिले. १८५९ त फक्त तारायंत्रें होतीं. आज विजेचीं जाळीं, विमानांचे मार्ग, उपग्रहांवरून चालणारें दळणवळण, हें सारें ह्या दोराच्या वाटेवर आहे. आणि दोर किती घातक ठरेल, हें मुख्यतः त्याच्या पिळाच्या दिशेवर अवलंबून असतें. त्यांतील चुंबकशक्ति दक्षिणेकडे वळलेली असली, तर ती पृथ्वीच्या उत्तराभिमुख शक्तीशीं भिडून तिचे दरवाजे उघडते. उत्तरेकडे वळलेली असली, तर बव्हंशीं निरुपद्रवी ठरते. दोर सूर्यापासून निघतांना आपणांस दिसतो, तो एक ते चार दिवसांत पोहोंचेल असें सांगतां येतें. परंतु त्याच्या पोटांतील पीळ कोणीकडे वळला आहे, हें तो पृथ्वीपासून पंधरा लक्ष किलोमीटरांवर उभ्या असलेल्या यानांना स्पर्श करीपर्यंत खात्रीनें कळत नाहीं. तेथून पुढें फार तर तासाभराचा अवकाश उरतो. पाहुणा येतो आहे हें चार दिवस आधीं कळावें आणि तो मित्र कीं शत्रु हें त्यानें उंबऱ्यावर पाऊल ठेवल्यावर कळावें, अशी ही स्थिति आहे.

त्या पंधरा लक्ष किलोमीटरांवरच्या चौकींत आतां आपल्या देशाचाही पहारेकरी आहे. आदित्य-एल् १ हें यान श्रीहरिकोट्याहून २०२३ सालीं निघालें आणि ६ जानेवारी २०२४ रोजीं आपल्या कक्षेंत स्थिर झालें. त्यावर सूर्यबिंब झांकून प्रभामंडळ पाहणारी बंगळूरच्या संस्थेची दुर्बीण आहे, पुण्याच्या आयुका ह्या संस्थेंत सिद्ध झालेली अतिनील किरणांची दुर्बीण आहे, आणि चुंबकशक्ति मोजणारें यंत्रही आहे. म्हणजे लखलखाट, ज्वाला आणि सुई हे तिन्ही धागे एकाच यानावर एकत्र आले आहेत. जेऊरच्या माळावर खग्रासाच्या अवघ्या दोनएक मिनिटांसाठीं ज्या पुण्यानें यंत्रें मांडलीं होतीं, त्याच पुण्याची दृष्टि आतां अहोरात्र सूर्यावर खिळलेली आहे.

शेवटीं, आरंभीं सांगितल्याप्रमाणें, कुलाब्याच्या वहीकडे वळूं. शहरांत विजेच्या ट्राम येणार, त्यांनीं चुंबकाचे वेध बिघडणार, म्हणून १९०४ सालीं चुंबकीय वेधशाळा अलिबागेस हलविण्यांत आली. नानाभाई मूस ह्यांनीं कुलाब्याच्या साठ वर्षांच्या नोंदी संकलित करून १९१० सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केल्या. १८५९ च्या आंकड्यांना खरा न्याय मिळावयास मात्र २००३ साल उजाडलें. त्या वर्षीं भारतीय भूचुंबकत्व संस्थेंतील संशोधक आणि त्यांचे परदेशी सहकारी ह्यांनीं कुलाब्याच्या नोंदीवरून त्या वादळाचा जोर मोजला. इतर अनेक ठिकाणच्या यंत्रांच्या खुणा त्या दिवशीं कागदाबाहेर गेल्या होत्या. कुलाब्याची नोंद सलग राहिली होती. मोठ्यांत मोठें वादळ किती मोठें असूं शकतें, ह्याचा अंदाज आज जगभर बांधतात, तो बराचसा ह्या नोंदीवर.

ज्यांनीं ते आंकडे वाचले, त्यांना सूर्यावरचा लखलखाट दिसला नव्हता, दोराची कल्पना नव्हती, आपल्या अंकांचा उपयोग कोणाला होईल हेंही ठाऊक नव्हतें. सुई भलतीकडे चालली आहे म्हणून यंत्राला दोष देऊन ते स्वस्थ बसले नाहींत. जें दिसलें तें त्यांनीं लिहून ठेवलें. तो दिवस २ सप्टेंबर १८५९. बरोबर एकशें चौसष्ट वर्षांनीं, २ सप्टेंबरलाच, आदित्य सूर्याच्या दिशेनें निघाला. तारखांचा हा निव्वळ योगायोग आहे, आणि कॅरिंग्टनच्या शिकवणीप्रमाणें त्यावरून आपण कोणताही सिद्धान्त बांधूं नये. परंतु त्या वहींतील आंकड्यांचें ऋण ह्या नव्या पहारेकऱ्यावर आहे, एवढें म्हणावयास हरकत नाहीं.